पॉलिश आधी की वॅक्स? गाडीच्या रंगाविषयी तुमचे प्रश्न

माझी काळी गाडी सहा वर्षांची आहे. दर सर्व्हिसिंगला रबिंग-पॉलिश करून घेतो. दोन-तीन आठवडे आरशासारखी दिसते, मग उन्हात पुन्हा कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसायला लागतात. पॉलिश अजून वारंवार करू का?

नाही. कृपा करून आधी थांबा. या महिन्यात सगळ्यात जास्त काळजी मला तुमच्या गाडीची वाटली.

हल्लीच्या गाड्यांवर पत्र्यापासून वर गंजरोधक थर, प्रायमर, रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असे थर असतात. सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यातला क्लिअर कोट जेमतेम ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही पातळ. चमक त्याच्यामुळे येते आणि उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला तोच वाचवतो. पॉलिश म्हणजे या थराला अतिशय बारीक घासणं. ओरखडा भरून येत नाही. त्याच्या आजूबाजूची उंच जागा खाली उतरवून ओरखड्याच्या तळाशी आणली जाते. हलक्या पॉलिशला एखाद-दोन मायक्रॉन जातात, जोरदार रबिंगला त्याहून बरेच जास्त. जे गेलं ते परत येत नाही. सहा वर्षं दर सर्व्हिसिंगला हे होत असेल तर पुढचं रबिंग करण्याआधी जाडी मोजण्याच्या मीटरने टप, बॉनेट आणि दरवाजे तपासून घ्या. साधा मीटर सगळ्या थरांची मिळून जाडी दाखवतो, एकट्या क्लिअर कोटची नाही. तरीही एक पॅनल बाकीच्यांपेक्षा बरंच पातळ निघालं, तर तिथे कोणालाही मशीन लावू देऊ नका.

आता ओरखडे परत का येतात ते. पहिलं कारण असं की काही वेळा ते गेलेलेच नसतात. बऱ्याच रबिंग-पॉलिशमध्ये तेल आणि भरण असतं. ते ओरखड्यात बसतं, चार धुण्यांत निघून जातं आणि जाळं पुन्हा वर येतं. काम झाल्यावर एका कोपऱ्यावर पाण्यात पातळ केलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारून पुसा. तेल निघेल आणि खरी स्थिती दिसेल. काम करणाऱ्यासमोरच हे करा; चांगला कारागीर स्वतःहून करून दाखवतो.

दुसरं कारण मोठं आहे: ओरखडे धुताना आणि पुसताना पडतात. आणि ते मुळात गोल नसतातच. सगळ्या दिशांना गेलेले बारीक, सरळ ओरखडे असतात. त्यातले प्रकाशाच्या प्रतिबिंबाभोवती आडवे असलेले तेवढेच चमकतात, म्हणून जाळं दिसतं. पांढऱ्या गाडीवरही ते तितकेच असतात, फक्त डोळ्यांना दिसत नाहीत.

म्हणून तुमचा इलाज बादलीपासून सुरू होतो. धूळ बसलेल्या गाडीवर कोरडं फडकं फिरवणं आजपासून बंद. ती धूळ म्हणजे बारीक वाळूच. आधी पाण्याच्या धारेने सैल माती जाऊ द्या. मग दोन बादल्या घ्या: एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक पॅनल धुवायचं, साध्या पाण्यात खळबळून घ्यायचा आणि मगच परत शाम्पूत. वरून खाली या. दारांचा खालचा भाग आणि बंपर शेवटी, कारण सगळ्यात जास्त वाळू-माती तिथे असते. चाकांसाठी वेगळं फडकं ठेवा. जमिनीवर पडलेलं फडकं त्या दिवशी पुन्हा रंगाला लावू नका. भांड्यांचा साबण नको, तो वॅक्स खातो. आणि सावलीत धुवा.

हे दोन महिने करा. त्यानंतर एकदाच, मीटरने परवानगी दिली तर, हलकं पॉलिश करून वर वॅक्स लावा. नंतर वर्षभर पॉलिशच्या बाटलीला हात लावायची गरज पडू नये.

पॉलिश आणि वॅक्स एकाच बाटलीत मिळतं. वेळ वाचतो. ते वापरलं तर चालेल?

अधूनमधून चालेल. पॉलिश थर काढतं, वॅक्स थर चढवतं. एका बाटलीतून दोन्ही कामं होतात, पण दोन्ही अर्धी. रोजच्या वापरातल्या, किंचित निस्तेज झालेल्या गाडीला वर्षातून एकदा ते पुरतं. अडचण दर महिन्याला 'वॅक्स' समजून ते लावणाऱ्यांची होते, कारण नकळत ते दर महिन्याला रंग घासत असतात. बाटलीवर 'क्लीनर वॅक्स' किंवा 'ओरखडे घालवते' असं काही लिहिलेलं असेल तर आत घासणारा पदार्थ आहे असं धरून चाला.

कार्नोबा वॅक्स, सिंथेटिक सीलंट, सिरॅमिक कोटिंग. दुकानदार प्रत्येक वेळी वेगळं सांगतो. नेमकं काय घेऊ?

गाडी कुठे उभी असते आणि तुम्हाला स्वतःच्या हाताने किती करायला आवडतं, यावर ठरवा.

कार्नोबा हे ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचं मेण. नैसर्गिक मेणांत ते फार कठीण, वितळायला ८२ ते ८६ अंश सेल्सियस लागतात. मधमाश्यांचं मेण ६२-६४ अंशांतच वितळतं. गडद रंगांवर त्याची जी ओलसर, खोल झाक येते तिचा मला मोह आहे, हे कबूल करतो. पण ते टिकतं साधारण चार ते आठ आठवडे, आणि गाडी दिवसभर उन्हात असेल तर त्याहून कमी. ज्याला सुटीच्या सकाळी गाडीपाशी तासभर घालवायला आवडतं त्याच्यासाठी ते आहे.

सीलंट हे कारखान्यात बनलेलं पॉलिमर. चार ते सहा महिने टिकतं, लावायला सोपं. झाक किंचित कोरडी, आरशासारखी. पांढऱ्या आणि चंदेरी रंगांवर ती उलट जास्त शोभते. उघड्यावर उभ्या राहणाऱ्या बहुतेक गाड्यांना मी हेच सुचवतो: वर्षातून दोनदा सीलंट, मधे वाटलं तर वरून कार्नोबा. क्रम उलटा करू नका, मेणावर सीलंट नीट धरत नाही.

सिरॅमिक कोटिंग सिलिका-आधारित असतं, क्लिअर कोटला घट्ट धरतं आणि नीट लावलं तर काही वर्षं टिकतं. गाडी धुणं खरोखर सोपं होतं. पण ते गाडीला चिलखत घालत नाही. उडालेला खडा लागला की टवका उडणारच, आणि घाणेरड्या फडक्याने पुसलं तर ओरखडेही पडणारच. शिवाय कोटिंगखाली जे ओरखडे राहतील ते तसेच राहतात, म्हणून खरी मेहनत आणि खरा खर्च कोटिंगआधीच्या पॉलिशचा असतो. कोणी फक्त बाटलीचं नाव सांगत असेल आणि त्याआधी काय करणार ते सांगत नसेल, तर तिथून निघा.

काहीही निवडलंत तरी थर पातळ हवा. जाड लावलेलं वॅक्स जास्त टिकत नाही, फक्त पुसताना दमवतं. दुसरा हात राहिलेल्या जागा भरून काढतो. तिसऱ्या-चौथ्याने काही होत नाही.

वॅक्स संपलं कसं ओळखायचं, असंही याच वाचकाने विचारलं आहे. पाणी ओता. थेंब गोल होऊन घरंगळले तर अजून आहे. पाणी चादरीसारखं पसरून बसलं तर आधी एकदा शाम्पूने धुऊन पुन्हा बघा, कारण कधीकधी वरच्या मळामुळेही तसं होतं. तरीही पसरलं तर वॅक्सची वेळ झाली.

घरी मशीन घेऊन पॉलिश करायचं ठरवलंय. हात बसेपर्यंत काय सांभाळू?

ड्युअल ॲक्शन मशीन घ्या, रोटरी नको. रोटरीचं पॅड एका जागी गरगर फिरतं आणि उष्णता साठते. ड्युअल ॲक्शनचं पॅड फिरता फिरता डोलतंही, त्यामुळे चूक व्हायला वेळ लागतो आणि तेवढ्यात तुम्ही सावरता. मी शिकत असताना रोटरीने एका बॉनेटच्या कडेवरचा क्लिअर कोट पार उडवला होता. दोन सेकंदांचं काम. पूर्ण बॉनेट रंगवून द्यावं लागलं, आणि त्या मालकाचा चेहरा अजून आठवतो. कडांवर आणि पॅनलच्या घड्यांवर रंग मुळातच पातळ असतो. मशीन सुरू करण्याआधी त्यांच्यावर मास्किंग टेप लावा. काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवरही लावा, नाहीतर पॉलिश वाळून पांढरे डाग पडतात आणि ते काढताना जीव जातो.

मशीनआधी रंग स्वच्छ हवा, आणि नुसतं धुऊन तो होत नाही. हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून धुतलेल्या बॉनेटवरून बोटं फिरवा. खरखर लागली तर ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण, डांबर, झाडाचा चीक असं काहीतरी रुतून बसलंय. लोखंडासाठीचा फवारा मारला की तो कणांवर जांभळा होतो; मग धुऊन क्ले बार, म्हणजे रुतलेले कण ओढून घेणारी मऊ, चिकट मातीसारखी वडी, भरपूर ओलाव्यावर हलक्या हाताने फिरवा. क्ले खाली पडला तर फेकून द्या, कितीही नवा असला तरी. त्यात चिकटलेला एक खडा पूर्ण दरवाजा खराब करतो.

मग चाचणीची जागा निवडा, साधारण दोन फूट बाय दोन फूट. सगळ्यात मऊ पॅड आणि सगळ्यात सौम्य पॉलिशने सुरुवात करा. पॅडवर वाटाण्याएवढे चार-पाच ठिपके, मशीन हळू सरकवायचं, प्रत्येक रेघ आधीच्या रेघेवर निम्मी चढेल असं, उभं-आडवं मिळून चार ते सहा फेऱ्या. पुसा, अल्कोहोल फवारा, टॉर्च तिरका धरून बघा. समाधान झालं तर पूर्ण गाडी त्याच जोडीने करा. नाही झालं तरच एक पायरी जोरकस व्हा. बहुतेक जण उलटं करतात: जोरदार कंपाउंडने, म्हणजे जास्त घासणाऱ्या भरड पॉलिशने, सुरू करतात आणि मग त्याचे ओरखडे काढत बसतात.

ज्या ओरखड्यात नख अडकतं तो बहुधा पॉलिशने जाणार नाही. त्याच्या कडा थोड्या मऊ करा आणि सोडून द्या, किंवा टचअप करा. त्याचा पाठलाग करताना भोवतीचा निरोगी रंग संपतो.

एक दरवाजा पुन्हा रंगवला आहे. वॅक्स कधी लावू?

साधारण महिनाभर थांबा, आणि रंगवणाऱ्याने जास्त सांगितलं असेल तर त्याचं ऐका. कारखान्यात रंग १४० अंशांच्या आसपास भाजून निघतो. गॅरेजमध्ये पत्र्यासोबत रबर, प्लास्टिक आणि वायरिंग असतं, म्हणून सुमारे ६० अंशांवर थांबावं लागतं. रंगात उरलेले द्रव (थिनरसारखे) नंतर हळूहळू हवेत जातात. वॅक्सने झाकण घातलं तर ते अडकतात. तोवर नुसत्या पाण्याने, हलक्या हाताने धुवा.

पक्ष्यांची घाण पुसली तरी खाली डाग उरलाय. वॅक्स लावलेलं होतं. मग उपयोग काय झाला?

उपयोग झाला, त्याने तुम्हाला थोडा वेळ मिळवून दिला. भर उन्हात तो वेळ काही तासांचाच असतो. विष्ठेत युरिक ॲसिड असतं, हे एक. दुसरं असं की तापलेला क्लिअर कोट किंचित मऊ होऊन फुगतो आणि थंड होताना वाळलेल्या विष्ठेच्या खडबडीत बुडाला धरून आकसतो. तो ठसाच तुम्हाला डाग म्हणून दिसतो. यापुढे दिसली की ओलं फडकं पाच मिनिटं वर ठेवा आणि मऊ झाल्यावर उचलून घ्या. कोरडी खरवडू नका. आत्ताच्या डागावर सौम्य पॉलिश हाताने करून बघा. निम्मा गेला तरी तिथेच थांबा.

मॅट रंगाच्या गाडीला कोणतं पॉलिश?

कोणतंही नाही, आणि साधं वॅक्सही नाही. मॅटपणा पृष्ठभागाच्या सूक्ष्म खडबडीतपणातून येतो. घासला की तिथे चकचकीत चट्टा पडतो आणि तो परत मॅट करता येत नाही. मॅटसाठीच बनवलेला शाम्पू आणि सीलंट वापरा.

वडिलांची जुनी लाल गाडी नीट करायला घेतली आहे. पॉलिश केलं तर फडकं लाल होतं. क्लिअर कोट संपला का?

घाबरू नका. बहुधा तिच्यावर क्लिअर कोट कधी नव्हताच. पूर्वी अनेक गाड्यांना एकाच थराचा रंग असे: रंग आणि चमक दोन्ही त्यातच. वरचा थर हवा-उन्हाने मरून खडूसारखा होतो, तो फडक्यावर येतो. खाली जिवंत लाल असतो, आणि तो वर येताना बघण्यासारखं सुख या कामात दुसरं नाही.

पण मशीन बाजूला ठेवा. टपावर रंग सगळ्यात पातळ उरलेला असतो. तेलकट, न घासणारं ग्लेझ जाड लावा, रात्रभर मुरू द्या. कोरडा पडलेला रंग ते पितो. सकाळी पुसून सगळ्यात सौम्य पॉलिश हाताने, छोट्या छोट्या भागात करा, आणि फडकं दर थोड्या वेळाने बदला. लाल रंगात प्रायमरची राखाडी छटा दिसू लागली की त्या जागी त्याच क्षणी हात थांबवायचा. मग कार्नोबा. या एकाच गाडीला मी दर महिन्याला वॅक्स लावा असं सांगेन, आणि शक्य असेल तर तिला सावलीत उभी करा.