‘इंदिरा कोल’मधला कोल म्हणजे काय?

प्रश्न असा आहे: सियाचीन हिमनदीच्या जुन्या नकाशात तिच्या उगमापाशी ‘इंदिरा कोल’ लिहिलेलं दिसतं. हे कोल म्हणजे खिंड का? आणि नाव इंदिरा गांधींवरून आहे का?

दुसऱ्याचं उत्तर आधी. नाही. फॅनी बुलक वर्कमन या अमेरिकन गिर्यारोहक बाईंनी १९१२ च्या मोहिमेत हे नाव ठेवलं. इंदिरा म्हणजे लक्ष्मी. इंदिरा गांधींचा जन्म १९१७ चा. त्या मोहिमेत मोजणीचं काम ग्रँट पीटरकिन यांनी केलं, आणि त्यांच्या नकाशामुळे सियाचीनचा माथा पहिल्यांदा नीट कागदावर आला.

आता कोल. शब्द फ्रेंच, मुळात लॅटिन ‘कोल्लुम’, म्हणजे मान. दोन शिखरांमधली धार जिथे सगळ्यात खाली वाकते ती जागा. एव्हरेस्टचं ‘साउथ कोल’ वाचलं असेल, तेच हे. समोच्च रेषांच्या नकाशावर ही जागा बोटानं दाखवता येते: दोन शिखरांभोवतीच्या रेषा एकमेकींकडे पोट काढून येतात आणि भेटायच्या आत थांबतात. मधली ती चिंचोळी जागा म्हणजे कोल.

मग खिंड म्हणावं का? मला पूर्ण पटत नाही. खिंड म्हटलं की आपल्याला वाट दिसते; खिंड ओलांडतात, लढवतात, शत्रूला खिंडीत गाठतात. कोलाला वाटेची अट नाही. इंदिरा कोलाच्या दक्षिणेचं बर्फ वितळून नुब्रा, श्योकमार्गे सिंधूला मिळतं. उत्तरेला कडा उर्दोक हिमनदीवर उतरतो आणि ते पाणी शक्सगाममार्गे यारकंदकडे जातं. तिथून रोजची येजा कुणाची असणार? सह्याद्रीत भटकणारे ‘दोन डोंगरांचं बेचकं’ म्हणतात, ते फांदीच्या बेचक्यावरून आलेलं. मला कोलाला तोच शब्द चपखल वाटतो. अर्थ सांगताना बेचकं म्हणा. नाव मात्र ‘इंदिरा कोल’च ठेवा.

त्याच परिसरात ‘सिया ला’ आणि ‘बिलाफोंड ला’ही आहेत. ‘सिया’ म्हणजे बाल्टी भाषेत रानगुलाब, सियाचीनमधला तोच. ‘ला’ हा तिबेटी-लडाखी शब्द, आणि त्याचा अर्थच खिंड. म्हणून ‘सिया ला खिंड’ लिहिलं की खिंड दोनदा होते. झोजि ला, खारदुंग ला यांच्या बाबतीतही हे सर्रास होतं. नुसतं ‘सिया ला’ लिहा, किंवा पहिल्यांदा ‘सिया ला ही खिंड’ असं सांगून पुढे ‘सिया ला’ एवढंच म्हणा.