आधी पानावर बस

"ताई, मी ४६ वर्षांची, लग्नाला २१ वर्षं झाली, दोन मुलं आहेत. भाचीने टॅबवर 'व्हॉट डिड यू ईट यस्टरडे?' हे जपानी कॉमिक इंग्रजीत वाचायला दिलं. दोन पुरुषांचा संसार. त्यात विशेष काही घडत नाही, तरी वाचताना मला रडू येतं. माझा नवरा चांगला आहे. कसलं व्यसन नाही, कधी आवाज चढवत नाही. मग परक्या देशातल्या दोन पुरुषांचं प्रेम पाहून माझा जीव का भरून येतो? रात्री सगळ्यांचं आटोपलं की ओट्यापाशी उभ्याउभ्या जेवते, तेव्हाच वाचते, म्हणजे कुणाला कळत नाही. हे बंद करावं का? – स., सांगली"

प्रिय स.,

ओट्यापाशी उभ्याउभ्या. हे तू जाता जाता लिहिलंस आणि मी तिथेच अडकले.

त्या कॉमिकमध्ये काही घडत नाही असं कसं म्हणतेस गं? वकील शिरो वेळेवर ऑफिसातून निघतो, दुकानात भाव बघून भाजी घेतो, घरी येऊन चार पदार्थ करतो, आणि सगळं एकाच वेळी गरम वाढता येईल असा बेत आखतो. हे कॉमिक काढणाऱ्या फुमी योशिनागा पानंच्या पानं नुसती चिरणं, परतणं, उकळणं काढतात. मग सलूनमध्ये काम करणारा केन्जी समोर येऊन बसतो, पहिला घास घेतो, त्याचा चेहरा फुलतो आणि काय काय आवडलं ते तो सांगतो. दोघं एकाच वेळी जेवतात. तुला रडू येतं ते इथेच येत असणार.

दोन पुरुषच का, तर त्या घरात स्वयंपाक कुणी करायचा हे जन्माच्या आधी ठरलेलं नाही. शिरोला आवडतं आणि तो पैशाला जपतो, म्हणून तो करतो. केन्जीला ते ताट हक्काचं वाटत नाही, म्हणून तो बोलून दाखवतो. जपानमध्ये मोटो हागिओ, केइको ताकेमिया यांच्यासारख्या कॉमिक काढणाऱ्या बायकांनी १९७० च्या दशकात मुलींच्या नियतकालिकांत मुलग्यांच्या प्रेमकथा काढल्या. हागिओंची 'द हार्ट ऑफ थॉमस' १९७४ची. तिथे बायको, सून, आई या ठरलेल्या भूमिका कुणाच्याच वाट्याला येत नाहीत, त्यामुळे वाचणारीला प्रेम तेवढं बघता येतं.

आणि त्या दोघांचं सगळं सुखाचं चाललंय असंही नाही. त्यांच्या देशात त्यांच्या लग्नाला कायद्याची मान्यता नाही. शिरो ऑफिसात सगळं लपवतो. केन्जीने गिऱ्हाइकाला घरच्या माणसाबद्दल सांगितलं म्हणून शिरो चिडतो, तेव्हा केन्जी कळवळून विचारतो की इतर लोक बोलतात, मग मीच का बोलायचं नाही? त्याला लपवणं सोसवत नाही. तुझ्यावर तर कुणाचं बंधन नाही, आणि तू साधं वाचनसुद्धा लपवतेस.

आता नवरा. व्यसन नाही, आवाज चढवत नाही. तो काय करत नाही ते समजलं. करतो काय? २१ वर्षांत बायको आपल्यासोबत जेवायला बसत नाही हे ज्याला खटकलं नाही, त्याच्या चांगुलपणाची वकिली माझ्यापुढे करू नकोस. मला त्याचा राग आलाय, आणि थोडा तुझाही.

वाचन बंद करायचं नाही. बंद करायचं ते उभ्याने जेवणं, आणि आजपासून. गरम पोळी लागते, हे कारण तू देणार. सगळ्या पोळ्या आधी करून डब्यात ठेव. गार झाल्या तर गार खातील, कुणाला काही होत नाही. भाजी, वरण, भात सगळं मध्ये मांड, चार ताटं घे आणि त्यांच्याबरोबरच बस. पहिला घास झाला की नवऱ्याला विचार, "भाजी कशी झालीय?" तो नुसतं "हं" म्हणाला तर पुन्हा विचार, आणि उत्तर येईपर्यंत त्याच्याकडे बघत राहा. त्याला जड जाईल, जाऊ दे. मग तू काय वाचतेस ते त्याला सांग, शिरो आणि केन्जी यांची नावं घेऊन सांग.

आणि डब्यातल्या पोळ्या कमी पडल्या, तर तू उठायचं नाहीस. तवा कुठे असतो ते त्याला माहीत नसेल, तर बसल्या जागेवरून सांग.

– तुझी ताई