शेंडा खुडला की झाड डेरेदार होतं म्हणतात, मग टोमॅटोचाही खुडावा का?

आधी झाड कुठलं ते बघा. शेंड्यातला कोंब ऑक्झिन नावाचं संप्रेरक बनवतो. ते खोडातून खाली उतरतं आणि पानांच्या बेचक्यातले डोळे दाबून ठेवतं. शेंडा गेला की हा धाक संपतो, वर जाणारी साखरही त्या डोळ्यांकडे वळते आणि बाजूच्या फांद्या फुटतात. झेंडू, शेवंतीला हे छान मानवतं. रोप वीतभर झालं की नखाने टोक खुडा. फुलं थोडी उशिरा येतील, पण जास्त येतील.

टोमॅटोचं गणित उलटं. वेलासारख्या वाढणाऱ्या जातीत बेचक्यातले फुटवेच काढायचे, तेही बोटभर असतानाच. फळं कमी पण मोठी मिळतात. बुटक्या, झुडपी जातीला मात्र हात लावू नका, तिची बरीचशी फळं त्या फुटव्यांवरच धरतात. (हे न कळता मी एकदा अख्खी रांग बोडकी केली होती.)

कापायचा धीर होत नसेल तर कोवळी फांदी हळूहळू वाकवून आडवी बांधा, शेंड्याची हुकमत तशीही ढिली पडते. आणि पानं ओली असताना छाटू नका, रोग पसरतो.