नास्तिक माणूस देवाचा पुरावा म्हणून नेमकं काय मान्य करेल?
सगळ्यांचं माहीत नाही, माझं सांगतो. अटी आधी ठरवून, पंचांसमोर, चमत्कार पुन्हापुन्हा करून दाखवता आला पाहिजे. जानेवारी २०२३ मध्ये आमच्या नागपुरात अंधश्रद्धा निर्मूलनवाल्या श्याम मानवांनी बागेश्वर धामच्या महाराजांना (धीरेंद्र शास्त्री) तेच आव्हान दिलं होतं: दिव्यशक्ती सिद्ध करा, ३० लाख घ्या. पण समजा कोणी ते जिंकलंच, तर त्या माणसात काहीतरी अजब आहे एवढंच ठरेल. विश्वाच्या निर्मात्यापर्यंत पल्ला लांबच. नवस फळल्याच्या गोष्टी मी धरत नाही. न फळलेले कोण मोजतं? हां, कापलेला पाय प्रार्थनेने परत उगवला आणि मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी आधीचे-नंतरचे एक्स-रे दाखवले, तर मी मुकाट ऐकेन. मग तो देव टेकडीच्या गणपतीचा की ताजबागच्या दर्ग्याचा, यावर तुम्हीच भांडा.