मानसशास्त्र हे विज्ञान आहे, हे प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना कसे पटवून द्यावे?

आपण लिहिले आहे की, यंदा प्रथमच बी. ए.च्या पहिल्या वर्षाला मानसशास्त्र शिकवणार आहात, बहुतेक मुले ‘समोरच्याच्या मनातले ओळखता येते’ अशा समजुतीने हा विषय घेतात, आणि हे विज्ञान आहे हे त्यांना सुरुवातीच्या तासांत कसे पटवावे, हा आपला प्रश्न आहे. मी बरीच वर्षे हाच वर्ग शिकवत असल्याने उत्तर देण्याचे धाडस करतो.

व्याख्येपासून सुरुवात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. १८७९ मध्ये जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्हेल्म व्हुंट यांनी लाइपझिग येथे मानसशास्त्राची प्रयोगशाळा स्थापन केली, १९१६ मध्ये कलकत्ता विद्यापीठात भारतातील पहिला मानसशास्त्र विभाग सुरू झाला, ही माहिती परीक्षेपुरती आवश्यक आहेच, पण ती दहा मिनिटांत उरकता येते. शिवाय केवळ तीच सांगितली, तर प्रयोगशाळा आणि उपकरणे आली म्हणजे विज्ञान आले, असा ग्रह मुलांच्या मनात पक्का होतो. पहिल्या महिन्यात त्यांना एकच सवय लागली तरी पुष्कळ झाले: कोणताही दावा कानावर पडला की ‘कशाच्या तुलनेत?’ असे विचारण्याची.

यासाठी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांचे १९४८ मधील प्रात्यक्षिक वर्गात जसेच्या तसे करता येते. त्यांनी आपल्या ३९ विद्यार्थ्यांकडून एक चाचणी सोडवून घेतली आणि नंतर प्रत्येकाला त्याच्या व्यक्तिमत्त्वाचे वर्णन म्हणून एक कागद दिला. वर्णन कितपत जुळते, याला ० ते ५ पैकी गुण द्यायचे होते, सरासरी ४.२६ आली. प्रत्यक्षात सर्वांच्या हाती एकच मजकूर होता आणि त्यातील बराचसा भाग बाजारात मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतलेला होता. वर्गात हे करताना ‘आपण वरून शांत दिसता, पण आतून कधी कधी अस्वस्थ असता’ अशा धाटणीची दहा-बारा मराठी वाक्ये पुरतात. गुण गोळा झाले की एका विद्यार्थ्याला आपला कागद मोठ्याने वाचायला सांगावे. दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यालाच मागच्या बाकांवर कुजबुज सुरू होते. मात्र खुलासा त्याच तासाला करावा, कोणाचे गुण जाहीर करू नयेत आणि मुलांना अंधारात का ठेवले हेही सांगावे. संशोधनातील नीतिनियमांची पहिली ओळख तिथेच होऊन जाते.

हसून झाल्यावर खरे काम सुरू होते. ‘वर्णन मला पटले’ हा पुरावा कुचकामी का ठरतो आणि त्याऐवजी काय करायला हवे होते, हे मुलांकडूनच काढून घ्यावे. थोड्या वेळात कोणीतरी म्हणतेच की, प्रत्येकाला स्वतःचे आणि दुसऱ्याचे अशी दोन वर्णने द्यावीत आणि आपले कोणते ते ओळखायला सांगावे. आता तुलना आली, आणि नुसत्या अंदाजाने निम्मी उत्तरे बरोबर येतील, हेही ओघाने आले.

महाराष्ट्रातील एक चाचणी इथे अगदी चपखल बसते. जयंत नारळीकर यांनी सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह ज्योतिषाची परीक्षा घेतली. १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या जन्मवेळांवरून कुंडल्या तयार केल्या आणि सहभागी ज्योतिषांना प्रत्येकी ४० कुंडल्या पाठवून कोणती कोणत्या गटातील हे ओळखायला सांगितले. २७ जणांनी उत्तरे पाठवली. सरासरी ४६ टक्के उत्तरे बरोबर निघाली. नाणे उडवले असते तरी ५० टक्क्यांच्या आसपास आली असती. वाद श्रद्धेकडे वळू लागला तर वळू देऊ नये. आपल्याला हवी आहे ती चाचणीची रचना.

त्यानंतर मुलांना स्वतः मोजमाप करू द्यावे. त्यासाठी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्ट्रूप यांचा १९३५ चा प्रयोग स्वस्त आणि खात्रीचा आहे: ‘लाल’ हा शब्द निळ्या शाईत, ‘हिरवा’ पिवळ्या शाईत, अशी यादी करावी आणि शब्द न वाचता शाईचा रंग सांगण्यास लागणारा वेळ मोबाईलच्या स्टॉपवॉचवर मोजावा. शब्द वाचण्याची सवय आड येते आणि रंग सांगायला जास्त वेळ लागतो. तुलनेसाठी नुसत्या रंगीत ठिपक्यांची यादी हवीच, आणि निम्म्या मुलांना आधी ठिपके, निम्म्यांना आधी शब्द द्यावेत. नाहीतर फरक सरावाचा की शब्दांचा, हे कळणार नाही. मराठी माध्यमातील मुलांना देवनागरी यादी अधिक अडवते की इंग्रजी, हा प्रश्न मी वर्गावरच सोपवतो.

एक गोष्ट मात्र लपवू नये. २०१५ मध्ये मानसशास्त्रातील १०० संशोधने पुन्हा करून पाहिली गेली, तेव्हा मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय (म्हणजे निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता कमी असलेले) निष्कर्ष होते, तर पुनरावृत्तीत ते प्रमाण ३६ टक्केच भरले. काही सहकारी म्हणतात की, हे पहिल्याच वर्षी सांगितल्याने मुलांचा विषयावरचा विश्वास उडेल. मला हे पटत नाही, कारण ही तपासणी मानसशास्त्रज्ञांनी आपणहून हाती घेतली होती, आणि फलज्योतिषाच्या बाबतीत वर्गाने नुकतीच जी कसोटी मान्य केली, तीच आपल्या विषयालाही लावण्याची तयारी शिक्षकाने दाखवायला हवी.

अंतर्गत परीक्षेत व्याख्येऐवजी मी वर्तमानपत्रातील एखादा दावा देतो, उदाहरणार्थ अमुक संगीत ऐकल्याने स्मरणशक्ती वाढते, आणि तो तपासण्यासाठी दोन गट कसे पाडाल, काय मोजाल आणि कोणता निकाल आल्यास दावा चुकीचा मानाल, असे विचारतो. सर्वांत कमी गुण या शेवटच्या भागात पडतात. त्यामुळे तेवढ्या भागासाठी आधीच एक स्वतंत्र तास राखून ठेवावा.