पिसांसारखे उंच ढग दिसले की पाऊस येतो का?

तुम्ही विचारलंय की उंचावरचे पांढरे, पिसांसारखे ढग ओळखायचे कसे आणि ते दिसले की पाऊस येतो का. मी बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातला, घरची भातशेती. आमच्या आभाळावरूनच सांगतो.

त्या ढगांतून आपल्या अंगावर काही पडत नाही. ते साधारण 6 किलोमीटरच्या वर असतात, पावसाळ्यात तर 14-15 किलोमीटरवरही. तिथे बर्फाचे बारीक कण असतात. ते खाली घसरताना वारा त्यांना ओढत नेतो, म्हणून शेपट्या दिसतात, आणि जमिनीवर पोचायच्या आत ते हवेतच विरतात. पिसं दिसली तर सिरस, बारीक खवले दिसले तर सिरोक्युम्युलस, सगळं आभाळ दुधाळ झालं तर सिरोस्ट्रेटस.

चंद्राभोवती खळं, म्हणजे गोल कडं, पडतं ते या दुधाळ ढगामुळे. 'खळं लांब तर पाऊस जवळ' असं आमच्याकडे जुनी माणसं म्हणतात. पण बर्फकणांचं खळं कायम एकाच मापाचं, 22 अंशांचं: हात ताठ करून अंगठा चंद्रावर धरा, करंगळी जवळपास कड्यावर येते. चंद्राला चिकटलेलं लहान रंगीत वलय पडतं ते बहुतेक वेळा खालच्या ढगांतल्या पाण्याच्या थेंबांमुळे. खळ्यानंतर दिवसभरात पाऊस, हा पुस्तकी नियम युरोपसारख्या थंड मुलखातला. जानेवारीत बेळगावात खळं पडलं म्हणून कोणी छत्री काढू नये.

त्यापेक्षा ढग कुठून येतात ते बघा. जुलैत आभाळ जरा फाटलं की येळ्ळूरच्या राजहंसगडावर उभं राहा. खालचे काळे ढग गोव्याकडून पूर्वेला पळत असतात आणि त्यांच्या कितीतरी वरचे पांढरे उलटे, पश्चिमेला निघालेले. मान्सूनमध्ये त्या उंचीवर पूर्वेकडून जोरदार वारा वाहतो. मला तरी पावसाळ्यात यापेक्षा बघण्यासारखं काही वाटत नाही, धबधबे धरून.

खरी सावधगिरी एप्रिल-मेमध्ये. दुपारी बैलहोंगलच्या बाजूला ढगाचा डोंगर चढतो आणि त्याचा माथा ऐरणीसारखा सपाट पसरतो. तो पसरलेला भागही बर्फाचाच, पण त्याच्या बुडाशी वळीव असतो. वीटभट्टीवाले तेव्हाच ताडपत्री ओढतात. डोक्यावर अजून ऊन असलं तरी वीज पावसाच्या पुढे 10-15 किलोमीटरवरही पडू शकते, त्यामुळे गडगडाट ऐकू आला की शिवारातून निघा, आणि झाडाखाली थांबू नका.