सेल बदलताना नोंदी पुसल्या जातील का?

प्रश्न: पत्ते आणि भेटीच्या वेळा ठेवायला जुना हँडहेल्ड (हातात मावणारा छोटा संगणक) घ्यायचाय. पाम एम 100 की ट्रिओ 650?

उत्तर: आधी मेमरी बघा. एम 100 नोंदी रॅममध्ये ठेवतो आणि रॅमला सतत वीज लागते. दोन ट्रिपल-ए सेल काढले की आतला कपॅसिटर जेमतेम मिनिटभर तग धरतो. म्हणून हॉटसिंक (हँडहेल्ड आणि संगणकातल्या नोंदी जुळवणं) करून संगणकावर प्रत घ्या, नवे सेल हाताशी ठेवा, मगच झाकण उघडा. 2004 च्या ट्रिओ 650 मध्ये फ्लॅश मेमरी आहे. बॅटरी पार उतरली तरी नोंदी शाबूत. आमचा कौल ट्रिओला. फक्त बॅटरी फुगलेली नाही ना, आणि स्टायलस (पडद्यावर टेकवायची काडी) टेकवाल तीच जागा निवडली जाते ना, हे पैसे देण्याआधी तपासा. ट्रिओ हा मोबाइल फोनही आहे; जीएसएम (सिमकार्डवर चालणाऱ्या) ट्रिओवरून फोन मात्र 2जी नेटवर्क असेल तिथेच लागेल.